काटाअण्णा

काटाअण्णांकडे जेवणाचा विषय काढावा लागत नाही. तो चालूच असतो, आपण फक्त जाऊन बसायचं. सांगलीतल्या आमच्या व्यायामशाळेत पत्र्याच्या शेडखाली संध्याकाळी सहाला लोखंड वाजायला लागतं आणि त्याच सुमारास अण्णा पतसंस्थेतली कॅश जुळवून हजर होतात. खांद्याला पिशवी. पिशवीत लिफ्टिंगचा पट्टा, खडूचा डबा, एक जाडजूड वही आणि बॅटरीवर चालणारा छोटा वजनकाटा. पिशवी उघडली की आधी बाहेर येतो तो काटा, पट्ट्याचा नंबर फार उशिरा लागतो. त्यांचं पाळण्यातलं नाव पोरांनी केव्हाच सोडून दिलंय. आता खुद्द अण्णाही फोनवर "मी काटाअण्णा बोलतोय" म्हणतात.

वय पन्नाशीच्या पुढं, बांधा अजून खणखणीत, मिशा मात्र दर आहारपद्धतीबरोबर कमीजास्त होतात. तरुणपणी अण्णा जिल्ह्यापर्यंत खेळलेत. तेव्हा किती उचलायचे, हे कुणाला नक्की माहीत नाही. काय खायचे, हे मात्र साऱ्या गल्लीला पाठ आहे. दिवसभर लोकांच्या ठेवी सांभाळणारा हा माणूस स्वतःच्या शरीरात कुणाला पावशेराचीही ठेव ठेवू द्यायला तयार नसतो.

अण्णांना शत्रू लागतो. ताटात एखादा गुन्हेगार सापडला, की त्यांना रात्री गाढ झोप लागते. गुन्हेगार कोण, हे दर दहा-बारा वर्षांनी बदलतं. खटला चालवण्याची हौस बदलत नाही.

पहिल्या काळात मात्र सगळेच निर्दोष होते. अण्णांचे आजोबा पैलवान. घरात तालमीचा खुराक पिढीजात: म्हशीचं दूध, वाटीवाटीनं तूप, बदामाची थंडाई आणि आठवड्यातून दोनदा मटण. आजोबा पहाटे चारला उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारायचे, आखाड्याची माती खणायचे आणि मग दोन-तीन जोडीदार अंगावर घ्यायचे. त्या कष्टाला तूपच पुरं पडतं. एक ग्रॅम चरबीतून नऊ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम कार्बोहायड्रेटमधून चार. दिवसभर घाम गाळणाऱ्याला एवढी ऊर्जा नुसत्या भाकरीतून मिळवायची तर खाता खाता संध्याकाळ व्हायची. अण्णांनी आजोबांचा खुराक जसाच्या तसा घेतला, आजोबांची पहाट तेवढी घेतली नाही. वेटलिफ्टिंगची स्पर्धा म्हणजे तीन वेळा स्नॅच, तीन वेळा क्लीन अँड जर्क, संपलं. एका मोसमात अण्णा दोन वजनगट वर सरकले. बारवरचं वजन मात्र होतं तिथंच राहिलं.

मग कुठल्याशा मासिकातून त्यांना साक्षात्कार झाला, की चरबी हेच सगळ्या दुःखाचं मूळ. दुसऱ्या दिवसापासून घरातलं तूप देवासमोरच्या निरांजनापुरतं उरलं. फोडणी पाण्याची. पाण्यात मोहरी तडतडत नाही, नुसती पोहते, हे वहिनींनी दाखवून दिलं. अण्णा म्हणाले, "तडतडणं हा बडेजाव आहे." रोज आठ अंडी उकडायची, पांढरं आपण खायचं आणि पिवळं गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला घालायचं. वर्षभरात कुत्र्याच्या अंगावर अशी झळाळी आली, की लोक ते कुणाचं म्हणून चौकशी करायला लागले. अण्णांची कातडी मात्र कोरडी पडली, ओठ फुटले आणि स्वभावातली होती नव्हती ती स्निग्धताही गेली. कॅशिअरच्या खिडकीत ते गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जायला लागले.

सगळा दोष पिवळ्या बलकाचा असेल असं नाही. पण अण्णा जे फेकत होते त्यात मोल होतं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात, चरबीबरोबरच अंगी लागतात. स्नायू घडवायला मदत करणारं टेस्टोस्टेरॉन शरीर कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं. दिवसाच्या एकूण कॅलरीतला विसेक टक्क्यांपासून पस्तीस टक्क्यांपर्यंतचा वाटा चरबीचा असावा, असं खेळाडूंना साधारणपणे सांगतात. अण्णांनी तो भजी तळणाऱ्याच्या दुकानासमोरून जाताना येणाऱ्या वासापुरता ठेवला होता.

हा पंथ मोडला तो दुसऱ्या साक्षात्कारानं. चरबी निर्दोष सुटली आणि त्याच पिंजऱ्यात कार्ब येऊन उभा राहिला. भाकरी, भात, बटाटा, केळं, साऱ्यांना एका दिवसात हद्दपारी. ज्या तुपाला दहा-बारा वर्षं ताटात येऊ दिलं नव्हतं, ते आता सकाळच्या कॉफीत तरंगायला लागलं. पहिल्या आठवड्यात काट्यानं अडीच किलो उतार दाखवला. अण्णांनी आनंदानं साऱ्या व्यायामशाळेला वाटप केलं. पेढ्यात साखर असते म्हणून पनीरचे तुकडे वाटले.

आमचे सर तोंडात पनीर घोळवत म्हणाले, "अण्णा, चरबी गेली न्हाई, पाणी गेलंय."

सर बोलतात कमी. पण ते म्हणाले ते खरं होतं. खाल्लेल्या कार्बमधून शरीर ग्लायकोजेन तयार करून स्नायूंत आणि यकृतात साठवतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब तोडले की साठा उतरतो, त्याबरोबर पाणीही जातं आणि काटा खूश होतो. अण्णा काट्याच्या खुशीवरच खूश होते. पुढच्या सोमवारी स्क्वॉट करायला रॅकखाली शिरले. पहिला सेट झोकात झाला. दुसऱ्याला कपाळावरची शीर उभी राहिली. तिसऱ्या सेटला खाली बसले ते बसलेच. दोघांनी दोन्हीकडून बार उचलला तेव्हा सुटका झाली. उठून म्हणाले, "आज हवा दमट आहे."

सरांनी त्या दिवशी त्यांना समोर बसवलं आणि पतसंस्थेच्या भाषेत समजावलं. "अण्णा, कार्ब म्हंजे खिशातले सुटे पैसे. चरबी म्हंजे ठेवपावती. पावती मोठी असती, लई दिवस पुरती. पण रिक्षावाल्याला पावती दाखवून भागतं का?"

"पण सर, एक लिफ्ट चार-पाच सेकंदांची. तिला कसले आलेत कार्ब?"

"स्पर्धेतल्या एका लिफ्टपुरतं इंधन स्नायूत आधीच तयार असतंय, बरोबर हाय. पण सरावाला आपण एकच लिफ्ट मारतो का? सेटवर सेट लावल्यावर ग्लायकोजेनच खर्ची पडतंय. ते शरीरात मावतंय किती, चार-पाचशे ग्रॅम. चरबी सडपातळ माणसाकडं पण काही किलो असती. जे थोडं हाय आणि रोज खर्च हुतंय, तेच तुमी बंद केलंय."

अण्णांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. खाली शेरा मारला: 'सर जुन्या विचारांचे.'

कार्बबंदीच्या त्या काळातच अण्णांच्या श्रद्धेला मोठा धक्का बसला. २०२१ च्या जुलैत मीराबाई चानूनं टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकलं. व्यायामशाळेत पोरं नाचली, अण्णाही नाचले. मग मुलाखत आली आणि मीराबाईनं सांगितलं, की आता आधी पिझ्झा खायचाय. अण्णा मटकन बाकावर बसले. पिझ्झाचा तळ मैद्याचा, म्हणजे शत्रू. वरचं चीज चरबीचं, म्हणजे मित्र. शत्रू आणि मित्र एकाच थाळीत, एकमेकांना चिकटलेले. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी निकाल दिला: "ती वरचं वरचं खाणार असेल."

पुढच्या वर्षी तर गोष्ट गावातच आली. आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलोंसह रौप्य मिळवलं. मलेशियाच्या खेळाडूनं २४९ उचलले, सोनं एका किलोनं हुकलं. पानटपरीवाल्याचा पोरगा राष्ट्रकुलात दुसरा नंबर घेऊन आला म्हणून सगळी सांगली रस्त्यावर आणि अण्णा बाकावर वही उघडून त्या एका किलोचा हिशोब करत बसलेले. "हा किलो तुपात होता," ते म्हणाले. सर नुसतं म्हणाले, "त्याचं कोपर दुखावलं हुतं, अण्णा. जर्क मारताना. तसाच परत उभा राहिला त्यो." अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी वहीतलं ते पान फाडलं. अण्णांनी वहीचं पान फाडलेलं आम्ही त्यानंतर पाहिलेलं नाही.

तिसरा पंथ त्यातूनच निघाला आणि तो सध्या चालू आहे. आता कुणीच गुन्हेगार नाही. आता प्रत्येकाचं माप. पिशवीतला छोटा काटा आला तो याच काळात.

या काट्यानं घरात जो धुमाकूळ घातला त्याचं वर्णन वहिनींनीच करावं. ज्वारीच्या पिठाचा गोळा परातीतून उचलला, की अण्णा मध्ये काटा सरकवतात. सलग चार दिवस त्यांनी गोळे मोजले, वहीत लिहिले, सरासरी काढली. कुठल्याच दोन गोळ्यांत फरक म्हणावा असा फरक नाही. वहिनींनी तवा उतरवून शांतपणे विचारलं, "अहो, आता काटा विकता, का मला?"

लग्नाच्या पंगतीत तर अण्णांच्या शेजारचं ताट मिळू नये म्हणून नातेवाईक आधी जागा धरतात. मसालेभात आला की ते मुठीनं अंदाज घेतात. मठ्ठ्यात साय किती, हे विचारतात. जिलेबीवाल्या वाढप्याला एकदा त्यांनी थांबवून विचारलं, "हे साधारण किती ग्रॅम?" वाढप्यानं परात कंबरेवर टेकवली आणि विचारलं, "ताटात वाढताना, का पोटात गेल्यावर?" शेजारच्या ताटावरचे मामा ठसका लागून उठले.

भडंगाचा पुडा अण्णांसमोर फोडणं म्हणजे तर व्याख्यानाचं आमंत्रणच. चुरमुरे कार्ब, शेंगदाण्यात चरबी जास्त आणि प्रथिनंही, तेल निव्वळ चरबी, लसूण बिनविरोध. हे सांगत असताना ते शेंगदाणे एका बाजूला, चुरमुरे दुसऱ्या बाजूला असे निवडतात. व्याख्यान संपेपर्यंत दोन्ही बाजू त्यांनीच संपवलेल्या असतात.

एकदा अण्णा हात धुवायला गेले असताना सरांनी ती वही चाळली. पानापानावर शिस्तीत रकाने आखलेले: तारीख, कार्ब, चरबी, प्रथिनं, पाणी, झोप. शेवटचा रकाना होता 'उचललेलं वजन'. वरून खालपर्यंत कोरा. मधे एका ठिकाणी फक्त लिहिलं होतं: 'आज वेळ झाला नाही. आहार लिहिण्यात गेला.' सरांनी वही होती तशी ठेवली आणि पोरांना हसू नका म्हणून डोळ्यांनी दटावलं.

सरांनी का दटावलं, ते मला जिल्हा स्पर्धेच्या दिवशी कळलं.

आमच्याकडची एक बारावीतली पोरगी त्या वर्षी उतरणार होती. वजन साठच्या आसपास. तिच्या आईला कुणीतरी भरवलं होतं, की पोरीच्या जातीला एवढं खाणं बरं दिसत नाही, भात बंद करा. अण्णा स्वतः तिच्या घरी जाऊन बसले. ताकदीच्या खेळाडूला रोज शरीराच्या किलोमागं चार ते सात ग्रॅम कार्ब सांगतात, म्हणजे हिला किमान २४० ग्रॅम, म्हणजे नुसत्या भाकरीत धरले तर सहा-सात भाकऱ्या, असा हिशोब त्यांनी काटा लावून मांडला. आई म्हणाली, "भात, दूध, केळी धरून तेवढं ती आत्ताच खाती की." अण्णा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "मग वहिनी, हिच्या ताटाला कुणाचा हात लागू देऊ नका. आणि भाकरीवर तूप घाला. चमचाभर. रोज."

काटाअण्णांनी, स्वतःच्या तोंडानं, भाकरी आणि तूप एका वाक्यात घेतलं. गल्लीत ही बातमी दोन दिवस पुरली.

वेटलिफ्टिंगमध्ये वजनं घेतात ती स्पर्धा सुरू होण्याच्या दोन तास आधी, आणि ते काम तासभर चालतं. काट्यावरून उतरल्यापासून बारला हात लावेपर्यंत खेळाडूच्या हातात तास-दीड तास असतो. कुणी आदल्या दिवसापासून पाणी तोडून गटात बसलेलं असतं, कुणी पहाटेपासून उपाशी. नेमक्या याच वेळात घरचे डबे उघडतात. पोराची आई, मावशी, आत्या, सगळ्या मायेनं भरवायला उभ्या. आणि तूप तर मायेचं माप.

ही वेळ अण्णांची. एरवी व्याख्यान देणारा माणूस त्या तासात अवाक्षर जास्त बोलत नाही. पिशवीतून तासगावचे बेदाणे निघाले. शंभर ग्रॅम बेदाण्यात जवळजवळ ऐंशी ग्रॅम कार्ब आणि चरबी नावाला, हे गणित त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मुठीमुठीनं वाटलं. मऊ भात, चिमूटभर मीठ, वर तेलाचा थेंब नाही. केळी. साखर-मिठाचं पाणी, घोट घोट, एकदम नाही. कुणाला किती, कुणाला केव्हा, सगळं डोक्यात. आमच्याच नाही, पलीकडच्या तालुक्यातल्या पोरांनाही त्यांनी बोलावून बसवलं. एक पोरगा पाणी तोडून तोडून ओठ पांढरे करून आला होता. त्याच्या शेजारी अण्णा स्वतः मांडी घालून बसले आणि तो सावरेपर्यंत हलले नाहीत. "पुढच्या वर्षी वरच्या गटात खेळ," एवढंच म्हणाले. सगळ्या पंथांचे चटके स्वतःच्या अंगावर घेतलेल्या माणसाला दुसऱ्याचं चुकतंय कुठं, ते लांबून दिसतं.

तेवढ्यात पोरीच्या आईनं डबा उघडला. पुरणपोळ्या, कडेनं तूप ओघळतंय. "रिकाम्या पोटी पोरगी उचलंल कशी वो? दोन घास खाऊ द्यात."

अण्णांनी झाकण लावलं, डबा खाली ठेवला आणि त्यावर बसले.

"वहिनी, पोळीत वावगं काही नाही. पुरण उत्तम, गूळ उत्तम, तूप तर सोनं. पण चरबी पोटातून हलायला वेळ घेते. ही पट्टा आवळून खाली बसणार, छातीवर बार घेणार, आणि तुमची पोळी तिथंच वाटेत उभी राहणार. लिफ्ट होऊ द्या. मग मी स्वतः वाढतो."

आई चार वेळा मागायला आली. अण्णा डब्यावरून उठले नाहीत. स्नॅचच्या वेळी सगळी व्यायामशाळा स्टेजजवळ धावली तरी ते बसूनच मान उंचावत राहिले. पोरीची पहिली लिफ्ट पडली. दुसरी बसली. जर्कच्या शेवटच्या प्रयत्नाला बार डोक्यावर गेला, कोपरं लागली, पाय एका रेषेत आले आणि तीन पांढरे दिवे लागले, तेव्हा अण्णा उभे राहिले. डबा पुरा चेपलेला होता. पोरगी दुसरी आली. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि अण्णांकडं बघून मान हलवली. सरांकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

अण्णांनी शब्द पाळला. चेपलेलं झाकण खटपट करून उघडलं, पोरीच्या हातात पोळी दिली, स्वतःही एक घेतली. आईनं पिशवीत हात घातला तसं त्यांनी सवयीनं वही काढली, पेनचं टोपण उघडलं.

"तूप घाला वहिनी, आता बिनधास्त घाला. फक्त लिहायचंय म्हणून विचारतो, चमचा सपाट धरू का शिगोशीग?"

"चमचा कुठला वो अण्णा," आई म्हणाली. "मी वाटी आणलीय."